शेतातील यंत्र भर रस्त्यात

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर भर पेठेतून जाऊ लागतात. त्यांना रस्ता बंद करा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु हे यंत्र घडविले आहे ते शेतासाठी. त्याच्या डाव्या व उजव्या चाकांना ब्रेकची निरनिराळी पेडले असतात. नांगरताना तासाच्या टोकाशी एकच पेडल दाबले, की ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो. रस्त्यावर वेगात असताना मात्र एकाच बाजूचे चाक अडले, तर तो गर्रकन फिरतो, प्रसंगी उलटतोही. म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले खिटीने जोडावयाची असतात. ट्रॉलीच्या मागे तांबडा दिवा हवा, हे तर सांगावयासही नको.

मुलांनो, तुमच्या वयाचा एखादा मुलगा बाजारातून ट्रॅक्टर हाकू लागला, की लोक त्याचे कौतुक करतात. मला ते मुळीच रुचत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा अपराधाबद्दल पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि त्या मुलाचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचतो की नाही, हे कौतुक करणाऱ्यांपैकी कोणीच पाहत नाही.