तारे लांबुळके का आले?

मागच्या महिन्यात नागपूरहून नववीतल्या एका मित्राचं जाडजूड पाकीट आलं. आत दोन पानी पत्र आणि एक फोटो. फोटो मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा. बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ एक धूसर ठिपका दिसतो ना, तोच. तेजोमेघ आला होता झकास, पण भोवतालचे तारे? काळ्या फरशीवर तांदूळ सांडावेत तसे सगळे लांबुळके!

पत्रात सगळी हकिगत होती. सहा इंची आरशाची ही दुर्बीण मुंबईच्या मामाची. मामाच्या घरात जागा उरली नाही, म्हणून ती कॅमेऱ्यासकट भाच्याकडे आली. मुंबईत मामाने काढलेल्या फोटोंत तारे छान गोल होते. नागपूरला आल्यापासून मात्र एकही तारा गोल नाही. बाबा म्हणतात, रेल्वेत आदळआपट झाली. आई म्हणते, पोरानंच काहीतरी पिळलं असणार. ओळखीच्या एका दुकानदाराने तर न बघताच आरसा बदलायला सांगितलं आणि किंमतही सांगितली. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : "मी खरंच काही केलेलं नाही, तुम्हीच सांगा."

आता हे सांगायचं कसं? दुर्बीण नागपुरात, मी इथे. पण गंमत अशी, की अशा वेळी दुर्बीण समोर नसली तरी चालतं. फोटो पुरतो.

तारे इतके दूर आहेत की आपल्या दुर्बिणीतून ते ठिपक्यासारखेच दिसायला हवेत. ग्रह मोठा दिसतो, चंद्र मोठा दिसतो. तारा ठिपकाच राहतो. म्हणून फोटोत तो लांबला, पसरला, तिकोनी झाला, तर ती करामत ताऱ्याची नाही. आपल्या आरशाची, कॅमेऱ्याची, मोटरची, वाऱ्याची किंवा आपल्या हाताची आहे. आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

मात्र फोटो बघताना एकाच ताऱ्याकडे बघू नका. मधला भाग बघा आणि चारही कोपरे बघा. सगळे तारे मेदुवड्यासारखे, मधे भोक असलेले आले असतील तर फोकस चुकला, एवढंच. यावर घरगुती उपाय आहे. पुठ्ठ्याला समोरासमोर दोन भोकं पाडून तो दुर्बिणीच्या तोंडावर लावा. फोकस चुकलेला असेल तर एका ताऱ्याचे दोन दिसतील. दोन्ही एकमेकांत मिसळेपर्यंत फोकसचं चाक फिरवायचं आणि पुठ्ठा काढून टाकायचा. तारे तिकोनी आले, तर आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या कुणीतरी करकचून आवळल्या आहेत. ठळक ताऱ्यांना फुटलेले चार काटे हा मात्र दोष नव्हे. दुर्बिणीतला छोटा आरसा ज्या चार पात्यांवर तोललेला असतो, त्यांच्यामुळे ते येतात.

मधले तारे गोल, पण कडेच्या ताऱ्यांना बाहेरच्या बाजूला धूमकेतूसारखी शेपटी, असं असेल तर तो आरशाच्या दुर्बिणीचा जन्मजात स्वभाव आहे. शेपट्या मधल्या ताऱ्यांनाही असतील तर आरसे एका रेषेत नाहीत. आणि एकच कोपरा बिघडला असेल तर? कॅमेरा पाव फेरा फिरवून पुन्हा फोटो काढा. बिघाड फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर कॅमेरा तिरका बसलाय. दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर दोष दुर्बिणीकडचा.

आमच्या नागपूरकराच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. मधले, कडेचे, सगळे तारे लांबुळके आणि सगळे एकाच दिशेला. शाळेत कवायतीला उभं राहावं तसे!

हा फोटो बघून मला माझी फजिती आठवली. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला होता. तुमच्या आईबाबांना विचारा, कित्येकांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला असेल. मी गच्चीवर दुर्बीण लावली, कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल घातला आणि दोन रात्री जागलो. तेव्हा फोटो लगेच दिसायचे नाहीत. रोल धुऊन आला आठवड्याने, आणि प्रत्येक फोटोत ताऱ्यांच्या रेघा! मी काय करावं? शहाण्यासारखा विचार करायचा सोडून आरशामागचे तिन्ही स्क्रू पिळले. पुढच्या रोलमध्ये रेघा तर होत्याच, वर शेपट्याही फुटल्या. खरं कारण पुष्कळ दिवसांनी कळलं. कॅमेऱ्याच्या वजनाने दुर्बिणीची नळी हळूहळू खाली बसत होती, कारण एक स्क्रू मी नीट आवळलाच नव्हता. सगळ्या रेघा एकाच दिशेला होत्या, म्हणजे फोटो मला पहिल्याच दिवशी सांगत होता की काहीतरी हलतंय. मी ऐकलं नाही. तोवर धूमकेतू निघून गेला. तो पुन्हा यायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागतील!

पण यात मी एकटा नाही बरं का. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली तेव्हा तिनेही ताऱ्यांभोवती प्रभावळ असलेले फोटो पाठवले. शास्त्रज्ञांनी त्या पसरलेल्या ताऱ्यांचा आकार मोजून उलटं गणित केलं. उत्तर आलं, की २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासला गेलाय. म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग! आरसा तपासायच्या यंत्रातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या साध्या यंत्रांनी ही गडबड आधीच दाखवली होती, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मग १९९३च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला जणू चष्मा बसवला.

चला, पुन्हा नागपूरला. मी त्या मित्राला लिहिलं : कुठलाही स्क्रू पिळू नकोस, दुकानात जाऊ नकोस, फक्त तीन फोटो काढ. पहिला एक सेकंदाचा. दुसरा, नेहमी काढतोस तसा तीस सेकंदांचा. तिसरा काढताना निम्म्या वेळात मोटर बंद कर.

का, ते सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकताना दिसतात, चार मिनिटांत साधारण एक अंश. चंद्राच्या बिंबाची रुंदी अर्धा अंश, म्हणजे तेवढं अंतर तारा दोन मिनिटांत कापतो. दुर्बिणीत हे फारच झटकन दिसतं. म्हणून मोटर दुर्बिणीला ताऱ्याच्या मागे मागे फिरवत असते. एका सेकंदाच्या फोटोत तारे गोल आले आणि तीस सेकंदांच्या फोटोत लांबले, तर आरसा निर्दोष! पाठलाग चुकतोय. मोटर बंद केली की तारे रेघ ओढतात आणि ती रेघ पूर्व-पश्चिम असते. आता तांदळाचे दाणे त्या रेघेच्या दिशेने लांबले असतील तर मोटर किंवा तिची दातेरी चाकं संशयित. रेघेला आडवे असतील तर दुर्बिणीचा आस चुकीकडे रोखलेला.

आठ दिवसांत उत्तर आलं. एका सेकंदाचा फोटो : तारे टिकलीसारखे गोल. म्हणजे रेल्वे सुटली, पोरगाही सुटला! तिसऱ्या फोटोत दाणे रेघेला चक्क काटकोनात.

मोटर ज्या आसाभोवती दुर्बीण फिरवते, तो थेट आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो. ध्रुवतारा त्या जागेपासून अर्ध्या अंशाहून थोडाच दूर आहे, म्हणून खुणेला चालतो. आता भूगोलातलं आठवा : ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसेल? तुमच्या गावाचा जितका अक्षांश, तितके अंश. मी मित्राला विचारलं, आसाच्या बुडाशी एक अंशांची पट्टी असते, तिच्यावरचा काटा कुठे आहे?

त्याने लिहिलं, "१९ वर. मामाने आवळून ठेवलाय, मी हातसुद्धा लावलेला नाही."

आलं ना लक्षात? मुंबईचा अक्षांश १९ अंश, नागपूरचा २१. होकायंत्र लावून मित्र दुर्बिणीचा आस बरोबर उत्तरेला करायचा, पण त्याची उंची मुंबईचीच राहिली होती. त्या दोन अंशांनी तारे तांदूळ झाले. मृग पश्चिमेकडे कललेला असताना त्याने फोटो काढले होते. माथ्याजवळ असता तर ही चूक जवळपास दिसलीच नसती. तेही गणित मजेदार आहे, पुन्हा कधीतरी.

गेल्या सोमवारी नवा फोटो आला, मागे बाबांच्या अक्षरात दोन ओळी. काटा २१ वर नेला, ध्रुवताऱ्यावर आस जुळवून घेतला, खर्च शून्य. तारे गोल आहेत. फक्त खाली डाव्या कोपऱ्यातले चार-पाच किंचित ओढल्यासारखे दिसतात. कॅमेरा पाव फेरा फिरवून अजून एक फोटो पाठव, म्हणून मी त्याला कळवलं आहे.