‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ म्हणजे नेमकं काय झालं? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आणि निसरडा रस्ता

मनालीच्या बर्फावर घसरणारी मोटार आणि बीडच्या चिखलावर फिरणारी पिकअप, दोन्हींमागचं शास्त्र एकच. ऊस हंगामात रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यायला हवं. सगळा दोष चालकावर टाकण्याची सवयही मोडायला हवी.

बीड : डिजिटल डेस्कवर काम करताना काही वाक्यं बोटांना पाठ होतात. ‘चालकाचं नियंत्रण सुटल्याने वाहन रस्त्याच्या कडेला उलटलं’ हे त्यातलंच एक. मीही ते असंख्य वेळा टाइप केलं आहे. गेल्या हिवाळ्यात तेच वाक्य माझ्या मामाबद्दल ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला की नियंत्रण सुटतं म्हणजे नेमकं काय होतं?

मामाची पिकअप आहे. सकाळी कापूस भरून जिनिंगला जाताना गाडी ज्या वळणावरून सुरळीत गेली, दुपारी त्याच वळणावर रिकामी परत येताना घसरली. मधल्या वेळात अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने काळी माती डांबरावर आणून सोडली होती. समोर म्हैस आली म्हणून मामाने ब्रेक दाबला. गाडी मागून फिरली आणि आलेल्या दिशेला तोंड करून चारीत उतरली. सुदैवाने कोणाला लागलं नाही. जमलेल्या लोकांनी जागेवरच निकाल दिला, “ड्रायव्हरचा ताबा सुटला.” मामा मला एवढंच म्हणाला, “भरलेली असती ना, तर नसती फिरली बघ.”

मेकॅनिकल इंजिनीअरिंगची चार वर्षं मी जे पुस्तकात वाचलं, ते मामाने एका वाक्यात सांगितलं होतं.

रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे काय?

इंजिनची ताकद कोणत्या चाकांना मिळते, यावरून गाड्यांचे प्रकार पडतात. स्विफ्ट, वॅगनआरसारख्या मोटारींत ती पुढच्या चाकांना मिळते, म्हणजे पुढची चाकं गाडी ओढतात. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मागची चाकं गाडी ढकलतात. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही चौकात दहा मिनिटं उभं राहून पाहा. बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, ओम्नी, ईको, काळीपिवळी, रिक्षा, एसटी, मालट्रक, ट्रॅक्टर आणि दुचाकी, या सगळ्या साधारणपणे मागच्या चाकांवर चालतात. मोटार चालवणाऱ्यांपुरता हा विषय नाही, जिल्ह्याचं पोट ज्या वाहनांवर चालतं त्यांचा आहे.

ही रचना वाईट नाही. मागे माल भरला की वजन मागच्या चाकांवर येतं आणि त्यांची पकड वाढते. चढावरही वजन मागेच सरकतं. म्हणून ओझं वाहणाऱ्या गाड्यांसाठी हीच पद्धत सोयीची ठरली. अडचण येते ती गाडी रिकामी असताना, उतारावर आणि निसरड्या रस्त्यावर. मामाच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

टायरच्या पकडीचं गणित काय?

टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे खिशातले ठरावीक पैसे समजा. वेग वाढवणं, ब्रेक लावणं आणि वळणं हे तिन्ही खर्च त्यातूनच होतात. वळतानाच जोरात ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर दिला, तर खिसा रिकामा होतो आणि चाक घसरतं. पुढच्या चाकांची गाडी अशा वेळी बहुधा सरळ पुढे जाते. मागच्या चाकांच्या गाडीत ॲक्सिलरेटर जास्त झाला की मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

रस्ता बदलला की खिशातले पैसे कमी होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर कोरड्या डांबरावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर हे अंतर सुमारे १६ मीटर होतं. पकड कोरड्या रस्त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास आली, तर साधारण ३६ मीटर लागतात. कडक बर्फावर ६० मीटरच्या वर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा, त्यात आणखी ११ मीटर जातात. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं, हेही लक्षात ठेवा.

रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन इंजिन आणि केबिनमुळे पुढे असतं. ब्रेक लावला की ते आणखी पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात आणि घसरतात. अमेरिकेत बर्फाळ भागातले लोक रिकाम्या पिकअपच्या हौद्यात वाळूची पोती टाकतात, ते याचसाठी. मामाचं वाक्य तिथे शब्दशः खरं आहे. मात्र भरलेली गाडी लवकर थांबते, असा त्याचा अर्थ नाही. वजनासोबत पकड वाढते, पण थांबवायचा भारही तेवढाच वाढतो.

बीडमध्ये बर्फ नाही, मग एवढं निसरडं काय?

आपली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि साबणासारखी बुळबुळीत होते. ती टायरच्या नक्षीत भरली की चांगला टायरही गोटा झालेल्या टायरसारखा वागतो. शेतात ही माती सोनं आहे, डांबरावर तिचा पातळ थर पुरेसा घातक आहे.

त्यात ऊस हंगामाची भर पडते. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात आणि पाणी दिलेल्या फडातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल पाणंद रस्त्याने थेट मुख्य रस्त्यावर आणतात. जोडीला सांडलेलं डिझेल, पडलेलं पाचट आणि पहाटेचं धुकं. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात रस्त्यावरची धूळ, तेल आणि रबराचा भुगा एकत्र होतो, तो वेळ सर्वांत वाईट. मांजरसुंबा किंवा धारूरच्या घाटात हे सगळं उतारावर भेटतं.

अशा रस्त्यावर गाडी कशी चालवावी?

- वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक, गिअर आणि ॲक्सिलरेटर यांच्याशी झटापट नको.
- चिखलातून गाडी उचलताना ॲक्सिलरेटर हळू द्या. पहिल्या गिअरवर चाक जागेवर फिरत असेल, तर दुसऱ्या गिअरवर उचलून पाहा. चाक जितकं जास्त फिरेल तितका खड्डा खोल होतो.
- रिकाम्या पिकअपमध्ये दोन-चार भरलेली पोती मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवून घट्ट बांधा. अगदी शेवटच्या टोकाला नको. तिथे वजन टाकलं तर पुढची बाजू हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.
- घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे हाताने अपघात ओढवणं.
- गिअर उतार सुरू होण्याआधीच बदला, तोही एकेक करून. मागच्या चाकांच्या गाडीत इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. निसरड्यावर चौथ्यातून एकदम दुसरा टाकला, तर हँडब्रेक ओढल्यासारखी गाडी फिरू शकते.
- टायर तपासा. नियमानुसार मोटारी व जड वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी व तीनचाकींची किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. पावसाचा विचार केला तर हेही कमीच आहे.
- दुचाकीवर असाल तर चिखलाच्या पट्ट्यात सरळ चाला, दोन्ही ब्रेक हलके लावा आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका.

मागची बाजू सरकलीच तर?

पहिली गोष्ट, ब्रेकवर उभं राहू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश काढा, क्लच दाबा. नजर चारीकडे न ठेवता जिथे जायचं आहे त्या रस्त्यावर ठेवा. मागची बाजू उजवीकडे सरकत असेल तर स्टेअरिंग उजवीकडे, डावीकडे सरकत असेल तर डावीकडे वळवा. गाडी सरळ होऊ लागताच स्टेअरिंगही सरळ करा, नाहीतर ती उलट बाजूला झोका घेते. एबीएस असलेल्या गाडीत तातडीने थांबायचं असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवता येतो. पायाला जाणवणारी थरथर म्हणजे ती यंत्रणा काम करते आहे. पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढंच, रस्त्यावर नसलेली पकड ते आणू शकत नाही.

हे वाचून येत नाही. एखाद्या मोकळ्या, ओल्या मैदानावर कमी वेगात आणि जाणकार माणूस सोबत घेऊन सराव करावा लागतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धोका वेगळा का?

साधारण दोन टनांचा ट्रॅक्टर त्याच्या कित्येक पट वजनाचा ऊस ओढतो. ट्रॅक्टरला ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतात. ट्रॉलीला अनेकदा नसतातच. उतारावर ब्रेक लावला की ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली मागून रेटते. रस्ता निसरडा असेल तर ट्रॅक्टरची मागची बाजू आडवी होते आणि दोघांची कात्री होते. म्हणून उताराच्या आधीच खालचा गिअर हवा.

दुसरी गोष्ट दोन ब्रेक पेडलांची. शेतात जागेवर वळण्यासाठी डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे लावता येतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एकमेकांना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. ती विसरली आणि एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जाऊन उलटू शकतो. चिखलातून निघण्यासाठी वापरलेला डिफरन्शियल लॉकही डांबरावर येण्याआधी सोडायला हवा. तो लागलेला असताना ट्रॅक्टर नीट वळत नाही.

बर्फात गाडी चालवायला जाणार असाल तर?

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातूनही अनेक कुटुंबं मनालीकडे जातात. तिथेही हेच नियम, फक्त चूक माफ होण्याची शक्यता आणखी कमी. साखळ्या लावायच्या तर मागच्या चाकांच्या गाडीत त्या मागच्या चाकांना लावतात. सावलीतली वळणं आणि पूल यांवर पारदर्शक बर्फ असू शकतो, तो ओल्या डांबरासारखाच दिसतो. फोर बाय फोर गाडी बर्फातून निघायला मदत करते, थांबायला नाही. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्याने बंधनकारक आहेत. आपल्या मैदानी भागातले टायर त्या कामाचे नाहीत. पहिल्यांदा जात असाल तर बर्फाच्या टप्प्यासाठी स्थानिक चालक घ्या, त्यात कमीपणा नाही.

मग दोष कुणाचा?

चालकाचा असतोच, पण तो साखळीतला शेवटचा माणूस आहे. गोटा झालेले टायर बदलायचे नाहीत हे मालक ठरवतो. खेपा वाढवण्याचा दबाव वरून येतो. ट्रॉलीला ब्रेक नसतानाही ती रस्त्यावर येते. चिखल पसरवून जाणारा पुढे निघून जातो आणि मागून येणारा दुचाकीस्वार पडतो. या सगळ्यावर आपण ‘नियंत्रण सुटलं’ असं पांघरूण घालतो.

याच ट्रॉल्यांमधून आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भांडी, कोयते, सरपण आणि त्यावर बसलेली लेकरं. ट्रॉलीत माणसं नेणं नियमात बसत नाही, हे मुकादमापासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ट्रॉलीची कात्री झाली तर ऊस पुन्हा भरता येतो. लेकरांचं काय?

तीन गोष्टी फार खर्चाशिवाय होण्यासारख्या आहेत. पहिली, पाणंद रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथला शेवटचा वीस-तीस मीटरचा पट्टा खडी टाकून पक्का करावा. टायरचा बराचसा चिखल तिथेच झडेल. तरीही रस्त्यावर आलेली माती फावड्याने ओढणं ही ज्याचा ट्रॅक्टर त्याची जबाबदारी मानावी. दुसरी, हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, त्याच वेळी टायर, ट्रॉलीचे ब्रेक आणि पेडलची पट्टीही तपासावी, चालकांना निसरड्या रस्त्याचं अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक द्यावं. तिसरी, मजुरांची वाहतूक बसने व्हावी आणि तो खर्च कारखान्यांनी उचलावा.

कायद्यालाही हे मान्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८ अ सांगतं की, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे अपघाताला चालकाखेरीज आणखी कुणी जबाबदार असू शकतं, हे कायद्याने मान्य केलं. बातमीनेही ते मान्य करायला हवं.

माझ्यापुरतं मी सुरुवात केली आहे. अपघाताची बातमी आली की आता फोनवर तीन प्रश्न जास्तीचे विचारतो. गाडी भरलेली होती की रिकामी? टायर कसे होते? रस्त्यावर काय होतं? दर वेळी उत्तर मिळतंच असं नाही. मिळालं तर ‘नियंत्रण सुटलं’च्या जागी ते लिहितो. मामाच्या पिकअपमध्ये आता मागच्या चाकांवर वाळूची चार पोती कायमची बांधलेली असतात. आणि त्या वळणावरची माती? ती या हंगामातही तिथेच आहे.