बिनशर्त कोणी, कोणासाठी?

ख्रिस्ती लग्नात दोन उतारे हटकून वाचले जातात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, म्हणजे प्रीतीचा अध्याय. आणि रूथची ती शपथ, की मी तुझी सोबत सोडणार नाही. ऐकायला दोन्ही गोड वाटतात. त्यानंतरच्या प्रवचनात पाळकसाहेब किंवा फादर सांगतात की ख्रिस्ती प्रेम बिनशर्त असते, ते सगळे सोसते. बोलताना नजर बहुतेक वेळा नवरीकडे असते.

हे दोन उतारे मुळात कोणासाठी आहेत, ते एकदा बघायला हवे. करिंथच्या मंडळीत कोणाचे वरदान मोठे यावरून भांडणे होती, आणि प्रभुभोजनाला एकत्र जमल्यावर काही जण पोटभर खाऊनपिऊन घेत नि गरीब उपाशी राहत. पौल त्या पत्रात अशा लोकांचे कान उपटतो. प्रीतीचा अध्याय त्याच पत्रातला आहे. मोठा आवाज आणि भरले ताट असलेल्यांना तो सांगतोय की जरा दमाने घ्या. सोसण्याचा उपदेश त्याने वरचढांना केला, आपण तो खाली ढकलला.

रूथचे तर आणखी गमतीचे आहे. ती शपथ नवऱ्याला दिलेली नाही, सासूला दिलेली आहे. नवरा मेलेला, सासराही मेलेला. सासू पुन्हा पुन्हा म्हणते, पोरी, माहेरी जा, दुसरे लग्न कर, माझ्याजवळ तुला द्यायला काही नाही. दुसरी सून ओर्पा रडते आणि परत जाते. तिला बायबल एका शब्दानेही दोष देत नाही. दार उघडे असताना रूथ थांबते. एका विधवेने दुसऱ्या विधवेला आपणहून दिलेला तो शब्द आहे, आणि परत जायची मोकळीक होती म्हणूनच त्याला मोल आहे. दाराला बाहेरून कडी घालून तोच शब्द वदवून घेतला असता तर त्याला निष्ठा कोणी म्हटले असते?

माझा आक्षेप प्रेमाला नाही, 'बिनशर्त' या शब्दाच्या वाटपाला आहे. देव माणसावर बिनशर्त प्रेम करतो ही ख्रिस्ती श्रद्धेतली सर्वांत धाडसी गोष्ट. पण देवाचा हा गुण आपण अर्ध्या माणसांची अट करून टाकला, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्या गुणाचे लाभार्थी केले.

हे नुसते प्रवचनापुरते राहिले नाही, त्याचा कायदा झाला. भारतातल्या ख्रिस्ती माणसांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. मूळ दहाव्या कलमाप्रमाणे नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याला क्रूरतेची, निदान दोन वर्षे टाकून दिल्याची किंवा तसल्याच दुसऱ्या एखाद्या गोष्टीची जोड लागे. नुसत्या मारहाणीवर तर घटस्फोट नव्हताच, फार तर न्यायिक विभक्तता. म्हणजे वेगळे राहा, पण बायको त्याचीच. शिवाय बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची सोय नवऱ्याला होती. बायकोला तशी सोय नव्हती, कारण नवरा ही काही तिची मालमत्ता नव्हे!

ही विषमता इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावरून उतरवलेली होती. इंग्लंडने आपल्याकडची चूक १९२३ साली सुधारली. आपल्याकडे विधी आयोगाने १९८३ मध्ये याच कलमावर स्वतंत्र अहवाल दिला, १९९५ मध्ये केरळ आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तफावत घटनेत बसत नाही असे सांगितले, तेव्हा कुठे २००१ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. एकशेबत्तीस वर्षे! तोवर परस्पर संमतीने वेगळे व्हायचीही तरतूद या कायद्यात नव्हती. इतक्या पिढ्या वेदीपुढे दोघांनी एकच शपथ घेतली, आणि ती मोडण्याचे दर मात्र दोन होते.

यावर ठरलेले उत्तर येते: अटी घातल्या तर लग्न आणि भाडेकरार यात फरक काय राहिला? प्रश्न चांगला आहे. पण प्रेम करणे, क्षमा करणे आणि एका छपराखाली राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गाठोडी एकत्र बांधण्यात कोणाचा तरी फायदा असतो. उधळ्या पुत्राचा बाप लांबून मुलगा दिसताच धावत जातो, एकही प्रश्न विचारत नाही. पण तो डुकरांच्या गोठ्यात राहायला गेलेला नाही. मुलगा उठून घराकडे निघालेला आहे. येशूने घटस्फोटाबद्दल जे कडक शब्द वापरले तेही लक्षात घ्यावेत. प्रश्न विचारणारे परूशी होते: पुरुषाने कोणत्याही कारणावरून बायको टाकावी का? टाकण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांचा हात येशूने धरला. तेच वचन आज मार खाणाऱ्या बाईला परत पाठवायला वापरले जाते, तेव्हा ते उलटे धरून वाचलेले असते.

होशेयचे उदाहरण देणारेही भेटतात. बेइमान जोडीदाराला परत घरात घेणारा संदेष्टा. पण त्या पुस्तकात बेइमानी बायकोची आहे आणि सोसणारा पुरुष आहे. त्यावरून नवऱ्यांना सोसायला सांगणारे प्रवचन निदान मी तरी ऐकलेले नाही. आणि होशेयचा दुसरा अध्याय धमक्यांनी भरलेला आहे, त्याला बिनशर्त म्हणणे धाडसाचेच आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला निष्ठेचा धडा शोधायला इतके लांब जायची गरजही नाही. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला न सांगता. तिच्या जगात हा एका अर्थाने वैधव्याइतकाच मोठा घाव. त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण त्यांच्या विनोदावर इतके खूश होतो की त्यातला करारीपणा नजरेतून सुटतो. त्या परत गेल्या त्या आपले सोवळे, आपले वेगळे स्वयंपाकपाणी घेऊन. मी तुमची आहे, पण तुमच्या धर्माची नाही. टिळकांनी ते मान्य केले. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांना त्यांच्याच विचाराने पटले, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम याच बाईने केले. यात निष्ठा नाही असे कोण म्हणेल? पण ती अटींसकट आहे, आणि त्या अटी दुसऱ्या बाजूने पाळलेल्या आहेत.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्या सिस्टर जेराल्डीनशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून पत्रापत्री वाद घालत राहिल्या. एका भिक्षुकशाहीतून सुटून दुसरीखाली मान घालायला त्यांनी साफ नकार दिला. ख्रिस्त सोडला नाही, आणि जेराल्डीनशी जिव्हाळाही तोडला नाही. आज्ञाधारकपणा वेगळा आणि इमान वेगळे, हे त्यांना बरोबर कळत होते.

आता व्यवहाराचे. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतला ११५३ वा नियम सांगतो की जोडीदार दुसऱ्या जोडीदाराला किंवा मुलांना शरीराचा वा मनाचा गंभीर धोका निर्माण करत असेल तर दुसऱ्याला वेगळे राहण्याचे रास्त कारण आहे. आणि उशीर करण्यात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या अधिकारात वेगळे होता येते. हा चर्चचाच कायदा, कोणा स्त्रीवाद्याने बाहेरून आणलेला नाही. लग्नाआधीच्या तयारीवर्गात क्षमेवर तासभर बोलतात, जपमाळ आणि कुटुंबप्रार्थनेवर बोलतात. तिथे हा नियम मोठ्याने वाचून दाखवा, मराठीत, आणि नवऱ्या मुलासमोर वाचा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ११५३ वा नियम नाही, पण त्यांच्याकडे २००१ नंतरचे दहावे कलम आहे. पाळकसाहेबांनी प्रीतीच्या अध्यायाला जोडून तेवढे एक पान वाचायला काहीच हरकत नसावी.