‘वॉर्ड-दोन’ म्हणजे नक्की कोण?

वैद्यकीय व्यवसायात सहीला मोल आहे. औषधाच्या चिठ्ठीवर आपले नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असते. केसपेपरवर औषध दिल्याच्या नोंदीपुढे परिचारिकेची आद्याक्षरे असतात. कागद जाऊन संगणक आला आणि ही सही मात्र नकळत गळून पडली. आज अनेक रुग्णालयांत ‘वॉर्ड-दोन’, ‘आयसीयू’, ‘लॅब’, ‘रिसेप्शन’ अशा नावांची खाती संगणकावर दिवसरात्र उघडी असतात. त्यांचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. कित्येकदा तो पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठोऱ्यावरच लिहिलेला असतो. हा विषय संगणकवाल्यांचा, असे समजून आपण डॉक्टर मंडळींनी त्याकडे पाठ फिरवली आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

आपण इंदूरकर मराठी माणसे दप्तराच्या परंपरेतली. होळकरांच्या दरबाराचा कारभार मोडीत चाले. त्या काळच्या मराठी पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटत असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडू नये, हा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही सहज वापरतो. लिहिलेल्या मजकुरामागे कोणीतरी जबाबदार उभा असला पाहिजे, हे बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाला उमगले होते. लाखो रुपयांची संगणकप्रणाली बसविणाऱ्या आपल्याला ते उमगू नये, याचे नवल वाटते.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या चौकशी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावण्यात आले होते. सत्तरीतील एका मधुमेही बाईंना रात्री ९ वाजता इन्सुलिन दिल्याची नोंद होती आणि ९ वाजून ४० मिनिटांनी तीच मात्रा पुन्हा दिल्याची नोंद होती. पहाटे त्या घामाने निथळलेल्या, ग्लानीत आढळल्या. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरल्या आणि चार दिवसांनी घरी गेल्या. दोन्ही नोंदी ‘वॉर्ड-दोन’ या खात्यातून झाल्या होत्या. पाळी बदलण्याची ती वेळ. वॉर्डात चार सिस्टर होत्या. दुसरी नोंद आपली नव्हे, असे चौघींनीही सांगितले. चौघींपैकी सर्वांत नवी, कंत्राटावर घेतलेली मुलगी होती. तिला घरी बसविण्यात आले. तिच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता. मी माझ्या अभिप्रायात तसे स्पष्ट लिहिले. निर्णय बदलला नाही.

या प्रकारात दोन गोष्टी हरवल्या. पहिली म्हणजे न्याय. नोंदीवर नाव नसले की दोष सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर जातो. तो कधी मेट्रनच्या वा सल्लागार डॉक्टरांच्या वाट्याला आल्याचे मी पाहिलेले नाही. सामायिक खाते सर्वांना आडोसा देते असे वाटते, पण प्रसंग आला की त्या आडोशात निरपराध माणसाला आपले निरपराधित्वही सिद्ध करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शिकण्याची संधी. पाळी बदलताना तोंडी निरोप राहून गेला, की पहिली नोंद पडद्यावर दिसलीच नाही, की घाईत भलत्याच रुग्णाचे पान उघडले गेले? तिन्ही चुकांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. नोंद करणारी व्यक्ती कळली असती, तर तिला जवळ बसवून शांतपणे विचारता आले असते. ते झाले नाही. म्हणजे तीच चूक पुन्हा घडण्याची वाट मोकळीच राहिली.

सामायिक खात्यांच्या बाजूनेही काही म्हणणे आहे, आणि ते केवळ आळसाचे नाही. रुग्ण धाप लागून आलेला असताना पासवर्ड टाइप करीत कोण बसणार? ब्रिटनमध्ये २००७ साली एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पाळीभर सामायिक स्मार्टकार्ड वापरण्यास मुभा द्यावी लागली, कारण प्रत्येकाने स्वतंत्र लॉग-इन करण्यास ६० ते ९० सेकंद लागत. तेथील कर्मचारी बेशिस्त नव्हते. यंत्रणा मंद होती. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. काही कंपन्या खात्यांच्या संख्येवर पैसे आकारतात, आणि लहान नर्सिंग होमचा मालक हिशेब करून दोन-तीन खात्यांवर भागवतो. म्हणून या दोषाचे खापर सिस्टरांच्या माथी फोडणे मला मान्य नाही. पैसे वाचविण्याचा निर्णय ज्याचा, जबाबदारीही त्याचीच.

कायद्याचेही भान हवे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या नोंदी न्यायालयात गेल्या तर ‘ही कोणी केली?’ हाच पहिला प्रश्न येतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीपर्यंत कोणाला पोहोचता येते यावर नियंत्रण असावे आणि ती कोणी पाहिली याचा माग ठेवावा, अशी त्यात अपेक्षा आहे. ‘वॉर्ड-दोन’ने पाहिली, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. एड्सची चाचणी असो, गर्भपात असो वा मानसोपचार, रुग्ण आपल्याला जे सांगतो ते आपल्या विश्वासावर सांगतो. नोकरी सोडून गेलेल्या पण पासवर्ड ठाऊक असलेल्या माणसाच्या नव्हे.

करावयाचे ते फार अवघड नाही. इंटर्नपासून बदली सिस्टरपर्यंत प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि काम सोडण्याच्या दिवशीच ते बंद करावे. लांबलचक पासवर्डाऐवजी बोटाचा ठसा वा कार्ड वापरता येते. त्याला क्षणभर लागतो. प्रणाली विकत घेतानाच खात्यांची संख्या आणि लॉग-इनचा वेळ यांवर घासाघीस करावी. तातडीसाठी एखादे राखीव खाते असण्यास हरकत नाही. त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात ठेवावा आणि ते कोणी, कशासाठी उघडले हे दुसऱ्या दिवशी लिहून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण ज्येष्ठांनी आपला पासवर्ड आरएमओच्या हाती देऊन डिस्चार्ज कार्डे उरकण्याची प्रथा थांबवावी. कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून तो गठ्ठा टेबलावर ठेवण्यास आपण कोणीही तयार होणार नाही. हा प्रकार त्याहून वेगळा नाही.

मंडळाच्या सदस्यांस माझी एवढीच विनंती आहे की, उद्या सकाळच्या फेरीत रुग्णाची नाडी पाहून झाली की वॉर्डातील संगणकाकडेही एक नजर टाकावी. पडद्याच्या कोपऱ्यात त्या वेळी समोर बसलेल्या व्यक्तीचे नाव दिसते काय, ते पाहावे. न दिसल्यास समोरच्या सिस्टरला बोल लावू नये. थेट व्यवस्थापनाच्या खोलीत जाऊन विचारावे. आणि व्यवस्थापक आपणच असलो, तर त्याच दिवशी खाती उघडून द्यावीत.