चिकाचा वास

चैत्रात पूर्णा सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडाव्याला खिडकीतून हळद शिजवल्याचा वास येतो. माझा चैत्र मात्र तिथून नाही, कुरडईच्या चिकापासून सुरू होतो. गहू 3 दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा. इथं घाई चालतच नाही. पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजायला लागला की न बोलावता शेजारच्या काकू सोऱ्या घेऊन हजर. ऊन तापायच्या आत बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर पांढरीशुभ्र चाकं उमटतात. पोरांना राखणीला बसवायचं म्हणजे चिमण्यांपेक्षा पोरंच जास्त ओल्या कुरडया खातात, हे आईला ठाऊक असतं, तरी बसवते. पाडव्याची गुढी, लिंबाचा कोवळा पाला आणि गूळ, साखरेच्या गाठी हे सगळं आहेच. पण वाटीभर गरम चीक, वर कच्चं तेल आणि मीठ, लिंबाच्या सावलीत टेकलेली पाठ! फोन घरात वाजत असतो. वाजू दे. नव्या माठाला अजून मातीचा वास आहे, आणि आई अक्षय्य तृतीयेला करा-केळीचे मातीचे घट पुजल्याशिवाय त्यातलं पाणी पिऊ देत नाही. तोवर जुनाच माठ.