तरुणांचा कौल आणि घराचा प्रश्न

भांडवलशाहीची राजधानी समजल्या जाणाऱ्या न्यूयॉर्क शहराने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वतःस लोकशाही समाजवादी म्हणवणाऱ्या झोहरान ममदानी या चौतीस वर्षांच्या उमेदवारास महापौरपदी निवडून दिले. त्यांच्या मतदारांत तरुणांचा भरणा विशेष होता. ही एका शहराची लहर आहे असे समजण्याचे कारण नाही. गॅलप संस्थेच्या २०१८ सालच्या पाहणीतही १८ ते २९ वर्षे वयाच्या अमेरिकनांपैकी ५१ टक्क्यांनी समाजवादाविषयी अनुकूल मत दिले होते. भांडवलशाहीच्या वाट्यास ४५ टक्केच आले.

या तरुणांना इतिहास ठाऊक नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. १९९१ साली सोव्हिएत संघ लयास गेला, तेव्हा त्यांतील पुष्कळांचा जन्मही झाला नव्हता, हे खरे. परंतु २००८ साल त्यांच्या समोर घडले. बुडत्या बँकांना सावरण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने तेव्हा सत्तर हजार कोटी डॉलरांपर्यंतची तरतूद केली. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, हा धडा बाजाराच्या पुरस्कर्त्यांनीच त्यांना दिला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली भाड्याच्या घरांपैकी अवघी १.४ टक्के घरे रिकामी होती. ज्याला छप्पर मिळत नाही, त्याला स्पर्धेचे गुणगान ऐकवून काय साधणार?

तथापि दुखणे खरे असले, म्हणून पुढे केलेले प्रत्येक औषध गुणकारी ठरत नाही. सुमारे दहा लाख नियंत्रित घरांची भाडी गोठवण्याचे आश्वासन ममदानी यांनी दिले होते. या उपायाविषयी बोलण्याचा अधिकार मुंबईकराला अनुभवाने मिळाला आहे. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. टंचाईच्या त्या काळात उपाय आवश्यक होता. पण तो अर्धशतक टिकला. मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी घरे बांधणे थांबत गेले, पागडी बोकाळली आणि पावसाळ्यात जीर्ण इमारती कोसळू लागल्या. आतला भाडेकरू वाचला. त्याच्या मुलाला मात्र दूर उपनगराची वाट धरावी लागली. अखेर १९९९ साली नवा कायदा करून वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा देण्यात आली.

पण मोकळ्या बाजाराचे कैवारी यावर टाळ्या पिटणार असतील, तर त्यांनी गिरणगावात एक फेरी मारावी. गिरण्यांच्या जमिनींवर आज मनोरे उभे आहेत. गिरणी कामगाराच्या मुलाला त्यांतील एक खोलीही परवडत नाही.

तेव्हा तरुणांनी समाजवादाची घोषणा का दिली, हे विचारत बसण्यापेक्षा एका सामान्य कारकुनाच्या पगारात भाडे भरता येईल अशी घरे दरवर्षी किती उभी राहिली, हे विचारावे. न्यूयॉर्कच्या महापौरांना आणि मुंबईच्या कारभाऱ्यांना कसोटी एकच आहे. तीत जो उतरेल, त्याच्यामागे तरुण जातील. आणि ते जाणे योग्यच होय.