ऊस पिकवा, पण साखरेला आवर घाला

आज थोडा कडू विषय गोड मानून घ्या. उसाच्या पट्ट्यात राहून साखर कमी खा म्हणणे म्हणजे गावजेवणात उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे, याची आम्हाला कल्पना आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात साखरेचे पोते बाहेर पडले आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्राचा संसार उसावर उभा राहिला. पोरांची शिक्षणे, घरावरचा स्लॅब, लेकीचे लग्न, सगळे उसाच्या बिलातून झाले. तेव्हा साखरेला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. पण ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण आपल्याच वाडवडिलांनी करून ठेवली आहे, तीही विसरून चालणार नाही.

कारण आता ‘शुगर’ हा शब्द गावात कारखान्याच्या नावापेक्षा दुखण्याच्या नावाने जास्त ऐकू येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण जास्त, शंभरात सोळा. पण खेड्यातही शंभरात जवळजवळ नऊ मोठी माणसे मधुमेही निघाली. म्हणजे ग्रामसभेला शंभर माणसे जमली तर त्यातली आठ-नऊ. त्यातल्या किती जणांना हे माहीत आहे, सांगा बघू?

कष्टकऱ्याला शुगर होत नाही?

‘रानात राबणाऱ्याला कसली शुगर?’ असे पारावर अजून म्हणतात. आजोबांच्या काळात ते बऱ्याच अंशी खरे होते. तेव्हा नांगरामागे दिवसभर चालणे होते, मोट होती, बाजाराला पायी जाणे होते. आज नांगरट ट्रॅक्टरने, पाणी ठिबकने, मोटर मोबाईलवरून सुरू आणि पाचशे पावलांवरच्या रानात जायला मोटरसायकल. अंगमेहनत निम्म्यावर आली; चहा मात्र दुप्पट झाला. हिशेब जुळणार कसा?

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. केवळ गोड खाल्ले म्हणूनच मधुमेह होतो, असे नाही. आईबापाकडून आलेला वारसा, पोटावरची चरबी, बसून राहणे, अपुरी झोप अशी बरीच कारणे असतात. पण रोजच्या जादा साखरेने वजन वाढते, पोट सुटते आणि रोगाला वाट मोकळी होते. दात किडतात ते वेगळेच.

शेतकऱ्याला तर याचा फटका पायाला बसतो. शुगर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाची संवेदना कमी होते. पाचटात पाऊल पडले, काटा मोडला, काच लागली, तरी कळत नाही. जखम चिघळते, भरत नाही, आणि वेळ गेली तर बोट किंवा पाऊल काढायची पाळी येते. ज्याचे पोट पायावर आहे त्याचा पाय गेला तर सात-बारा नावावर असून काय उपयोग?

घरच्या डब्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, गूळ, मध, रस हे सगळे धरून माणसाच्या एकूण आहारातल्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. साधारण मोठ्या माणसाला ते रोज ५० ग्रॅम होतात. २५ ग्रॅमवर, म्हणजे सहा छोट्या चमच्यांवर आणले तर आणखी बरे. आता आपल्या घराचे बघा. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो साखर लागत असेल तर माणशी रोज ४० ग्रॅम झाले. आणि हे फक्त डब्यातले. टपरीवरचा चहा, बिस्कीट, बाजारातली जिलेबी, थंड पेयाची बाटली हे सगळे याच्यावर. पाव लिटरच्या थंड पेयात सहा चमच्यांच्या आसपास साखर असते. रसवंतीवरच्या पेलाभर रसातही पाच-सहा चमचे सहज निघतात. मोटरसायकल उभी करून दोन घोटांत रिचवलेली ती बाटली दिवसाचा सगळा वाटा खाऊन जाते.

‘आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण गुळाचा मोठा हिस्सा साखरच असतो. रक्तात गेल्यावर तो उसाच्या एकाच कांडीचा भाऊ ठरतो. काकवी आणि मध यांचेही तेच. कमी करायचे ते गोड, केवळ पांढरा रंग नव्हे.

मन का धावते?

गोडाची ओढ म्हणजे माणूस खादाड आहे असे नव्हे. सकाळी उपाशीपोटी गोड चहा आणि चार बिस्किटे घेतली की रक्तातली साखर झटकन वर जाते आणि बऱ्याच जणांची तशीच झटकन खाली येते. दहा वाजले की पुन्हा हातपाय गळतात, मन पुन्हा टपरीकडे धावते. गोड खाल्ले की मेंदूला बरे वाटते आणि तो तेच पुन्हा मागतो. रात्री पाण्याच्या पाळीवर जागरण झाले की दुसऱ्या दिवशी ओढ आणखी वाढते. त्यात वेळेची सवय असते. चार वाजले की चहा, पाहुणा आला की चहा, सोसायटीत गेले की चहा. भूक नसते, पण कप हातात असतो.

म्हणून नुसता निश्चय करून भागत नाही. ‘उद्यापासून बंद’ म्हणणारा चौथ्या दिवशी पेढे खाताना दिसतो. पिकाचे पाणी तोडताना जसे आपण बेताबेताने तोडतो, तसेच हे करावे.

पहिले काम, चहातली साखर उतरवा. दोन चमचे असेल तर आठवडाभर दीड, मग एक, मग अर्धा. जीभ तीन-चार आठवड्यांत नव्या चवीला सरावते. नंतर जुना चहा आपल्यालाच पाकासारखा लागतो. कप लहान घ्या, आणि दिवसाचे चहा मोजा.

दुसरे, रिकाम्या पोटी गोड नको. सकाळी आधी भाकरी आणि मटकीची उसळ, पिठलं, अंडी, जे घरात असेल ते पोटभर खा. डाळी-कडधान्ये आणि ज्वारी-बाजरी सावकाश पचतात, भूक लवकर लागत नाही. चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे, फुटाणे किंवा एक पेरू खा. फळ चावून खावे, रस काढून नव्हे. उन्हातून आल्यावर थंड पेयापेक्षा ताक किंवा माठातले पाणी प्या.

तिसरे, घरात आणूच नका. आठवडी बाजारातून आलेला खारी-बिस्किटांचा आणि शेव-जिलेबीचा पुडा फळीवर दिसला की हात जाणारच. वहिनी, ताई, हे तुमच्या हातात आहे. महिन्याच्या यादीत सहा किलोच्या जागी पाच लिहा, पुढच्या महिन्यात चार, मग तीन. डब्यातली साखर संपली की महिना संपेपर्यंत नवी नाही, एवढा नियम पुरे आहे. पण हा भार एकट्या बायकांवर टाकू नका. घरधन्याने ताटावर बसून ‘चहा अळणी झालाय’ म्हणून कप सरकवला तर त्या माउलीने काय करावे?

चौथे, ओढ आली की दहा मिनिटे थांबा. पाणी प्या, गोठ्यात एक चक्कर मारा. बहुतेक वेळा ती लाट ओसरते. मोह झालाच तर जेवणानंतर थोडे खा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नियमावर या. एका दिवसाच्या चुकीने हंगाम बुडत नाही.

सणाचे काय, असे विचाराल. होळीची पुरणपोळी आणि संक्रांतीचा तिळगूळ कुणी सोडायला सांगत नाही. पूर्वी गोड सणालाच होत असे, म्हणून त्याची गोडी होती. आज रोजच सण झाला आहे. सणाचे गोड सणाला ठेवा, रोजचे बंद करा. मधुमेह असलेल्यांनी मात्र सणालाही बेत राखावा.

एक सावधगिरी. ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी खाण्यात एकदम मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषध तेवढेच आणि खाणे कमी झाले तर साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ताबडतोब साखरपाणी द्यावे आणि दवाखाना गाठावा. तेव्हा साखर हेच औषध असते.

मग उसाचे काय होणार?

कोणी म्हणेल, आपणच साखर सोडली तर उसाला भाव कोण देणार? जरा हिशेब मांडू. टनाला साधारण शंभर किलो साखर धरा. एका घराने महिन्याला तीन किलो वाचवली तर वर्षाला ३६ किलो, म्हणजे टनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडासाच जास्त ऊस. चारशे उंबऱ्यांच्या अख्ख्या गावाने असे केले तरी वर्षाला १४४ टन ऊस, एकरी ४० टनांनी साडेतीन-चार एकरांचा. तेवढ्याने कारखान्याचे धुराडे विझत नाही. देशातल्या साखरेचा मोठा भाग मिठाईवाले, बिस्किटे आणि पेये करणारे कारखाने उचलतात. शिवाय आता उसापासून इथेनॉलही निघते. एफआरपी दिल्लीत ठरते, तुमच्या चहाच्या कपात नाही. एका पायाच्या शस्त्रक्रियेला किती टनांचे बिल जाते, हा हिशेब मात्र ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा.

पंचायतीने पुढे यावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सोसायटीच्या संचालकांना चार शब्द. बैठकीत चहा येतो तो आधीच गोड उकळलेला. नको म्हणायला माणसाला संकोच वाटतो. बिनसाखरेची एक किटली वेगळी ठेवा, साखर बाजूला वाटीत ठेवा. ज्याला हवी तो घेईल. सत्काराला पेढ्यांच्या बॉक्सऐवजी फळे द्या. सप्ताहाच्या पंगतीत बुंदीचा आग्रह थोडा कमी करा. आग्रहाने वाढणे ही आपली रीत खरी, पण ‘शुगर आहे’ म्हणणाऱ्याच्या पानात ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून लाडू टाकणे हे काही प्रेम नव्हे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, त्यांना ‘नंतर या’ म्हणून परत पाठवू नका. पुढच्या ग्रामसभेदिवशी हीच तपासणी चावडीसमोर लावता येईल. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा इशारा समजावा. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जावे. इशाऱ्याच्या पातळीवरचा माणूस खाणे आणि चालणे सुधारून पुष्कळदा माघारी येतो. तोच खरा वेळ असतो.

शाळेकडेही लक्ष द्या. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेत असा फलक लावायला खडू आणि फळा पुरेसा आहे. कोणत्या पेयात किती चमचे साखर, एवढे गुरुजींनी लिहिले तरी पोरे घरी जाऊन बापाला प्रश्न विचारतील. आणि दोन वर्षांच्या आतल्या लेकराला चहा-बिस्कीट किंवा वरून साखर देऊच नका. जिभेची सवय तिथूनच लागते.

रानात पाणी जास्त झाले की जमीन खारवते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी वाईट नव्हते, प्रमाण चुकले. शरीराचेही तसेच आहे. या महिन्याची किराणा यादी लिहाल तेव्हा साखरेच्या ओळीपाशी क्षणभर थांबा आणि एक किलो खोडा. तेवढ्यापासून सुरुवात होते.